नर्सिंगमधली पीएच.डी. : मुदतीचा हिशेब घरानेही ठेवावा

“लेक सिस्टर झाली, नोकरीला लागली, दोन लेकरं झाली. आता परत कसलं शिकतेय ती?” आरोग्य शिबिरासाठी वस्तीत गेलो की एखादी आई आम्हाला हे विचारतेच. तिच्या बोलण्यात राग नसतो, काळजी असते. लेक रात्रपाळी करून येते, स्वयंपाक उरकते आणि मग कागद पसरून बसते, हे तिला बघवत नाही. नर्सिंगमध्येही डॉक्टरेट असते, हे आपल्या पुष्कळ घरांना अजून माहीत नाही. ज्या घरांना माहीत आहे तिथे प्रवेशाचे पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो आणि मग पाच-सात वर्षे त्या विषयावर कोणी काही विचारत नाही.

आमच्या पाहण्यात आपल्या मुली प्रवेश परीक्षेत फारशा अडकत नाहीत. अडकतात त्या पुढे. सहामाही अहवाल द्यायचा राहिला, गाइड निवृत्त झाले, फी थकली, मुदत संपली. अभ्यास झेपला नाही म्हणून पीएच.डी. सोडलेली मुलगी आम्हाला क्वचित भेटली. कागदांत आणि घरकामात अडकून सुटलेल्या मात्र बऱ्याच भेटल्या. म्हणून प्रवेशापासून पदवीपर्यंतचा हा रस्ता नेमका कसा आहे, कुठे किती वेळ मिळतो आणि कुठे काय हातचे जाऊ शकते, ते या वेळी आरोग्य पानावर मांडत आहोत. आम्ही स्वतः जी.एन.एम. डिप्लोमावाल्या. पण मुलींचे अर्ज भरताना, त्यांच्याबरोबर कार्यालयांच्या बाकांवर बसताना हे नियम आम्हाला वाचावेच लागले.

आरोग्याच्या पानावर पदवीची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. दवाखान्यात रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ कोण असते, ते आठवून पाहा. जखमेची पट्टी किती वेळाने बदलायची, बाळंतिणीला पहिल्यांदा कधी उठवायचे, साखरेच्या रुग्णाला पायाची निगा कशी शिकवायची, हे सगळे नर्सच्या हातातले काम आहे आणि ते कसे करावे हे अभ्यासातूनच ठरते. तो अभ्यास करणारी बाई कोणत्या वस्तीतून आली, याने फरक पडतो. गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या पायावरची जखम का भरत नाही, विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेलचे पोर रात्री कळांनी ओरडते तेव्हा आईने काय करावे, क्षयाच्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात का सुटतात, हे प्रश्न जिने घरात पाहिले तिलाच ते आधी सुचतात.

आता पायऱ्या. त्या भराभर सांगतो, कारण त्या बहुतेकांच्या कानावर असतात. बारावीनंतर ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. जी.एन.एम. झालेली मुलगी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीधर होते. त्यानंतर एक वर्षाचा अनुभव, मग दोन वर्षांचे एम.एस्सी. नर्सिंग आणि त्यावर पीएच.डी. एम.फिल. नावाची मधली पायरी होती, ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बंद झाली. जी.एन.एम.च्या रस्त्याने निघालेल्या मुलीला, कुठेही खंड पडला नाही तरी, बारावीनंतर साधारण अकरा वर्षे लागतात. इतके वर्षे सलग शिकणे आपल्या किती घरांना परवडते? बहुतेकजणी मध्ये नोकरी करतात, म्हणून पीएच.डी.ला पोहोचेपर्यंत वय पस्तिशीच्या पुढे गेलेले असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. वस्तीच्या कोपऱ्यावर, गाळ्यात, सहा महिन्यांत किंवा वर्षात ‘नर्सिंग’ शिकवणारे वर्ग चालतात. तिथून मिळालेल्या कागदावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नसेल, तर त्या कागदावरून वरची एकही पायरी चढता येत नाही. फी भरण्याआधी नोंदणी होते का, एवढा एकच प्रश्न विचारा. दुसरे टोक म्हणजे हॉलमध्ये शाल-फेटा घालून, पैसे घेऊन वाटल्या जाणाऱ्या ‘मानद डॉक्टरेट’. त्यांचा पीएच.डी.शी काही संबंध नाही. आपल्या काही कार्यकर्त्यांनीही त्या घेतल्या आहेत, याचे आम्हाला वाईट वाटते.

आपल्या देशात नर्सिंगचे उच्च शिक्षण तसे उशिराच सुरू झाले. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये पदवीचे वर्ग निघाले. पुढे २००५ च्या सुमारास इंडियन नर्सिंग कौन्सिलने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर पीएच.डी.साठी राष्ट्रीय पातळीवरची व्यवस्था उभी केली. महाराष्ट्रात नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, शिवाय पुणे, कराड, वर्धा इथली अभिमत विद्यापीठे आहेत. अभिमत विद्यापीठांची फी जास्त असते. प्रत्येक विद्यापीठ आपले निर्देश काढते, पण त्यांचा पाया विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम हाच असतो. खाली सांगतो ते या नियमांतले. ज्या विद्यापीठात जायचे त्याची त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र समोर ठेवूनच अर्ज भरावा.

प्रवेशासाठी एम.एस्सी.ला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अपंग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे, म्हणजे ५० टक्के. प्रवेश परीक्षेत पात्र ठरायला ५० टक्के, सवलतीत ४५. लेखी परीक्षेला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. ही ३० टक्क्यांची मुलाखत आम्हाला खटकते. कोणाचे आडनाव काय, कोण कुठल्या कॉलेजातून आले, हे मुलाखतीच्या खोलीत सगळ्यांना दिसते. पण नियम आहे तो आहे. तयारी करताना मुलीला घरातल्या चार जणांसमोर आपला विषय मराठीत आणि इंग्रजीत दहा मिनिटे बोलायला लावा. तेवढी सवय झाली तरी मुलाखतीला उपयोग होतो.

आता दाखल्याचे. इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण आपल्या समाजाची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. संविधान (अनुसूचित जाती) आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या. तरीही आजही शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असते आणि कार्यालयातला कारकून विचारतो, “जात कुठे आहे?” अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा किंवा रहिवासाचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, गावाकडचा महसुली कागद. तो गावी काढावा लागतो आणि त्याला महिने लागतात. वर जिल्हा पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र. शिवाय राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्राच्या संस्थेत चालत नाही, तिथे केंद्राच्या नमुन्यातला लागतो. हे सगळे मुलगी बारावीत असतानाच करून ठेवा. पीएच.डी.च्या अर्जाची तारीख निघाल्यावर गावी कोतवाल बुक शोधायला गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. कागद हाती येईपर्यंत तारीख निघून गेलेली असते.

प्रवेशाबरोबर गाइड ठरतो. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. नर्सिंगमध्ये स्वतः पीएच.डी. झालेले गाइड आधीच थोडे, त्यामुळे जागा लवकर भरतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नवा संशोधक घेता येत नाही. गाइडच्या निवृत्तीचे साल मुलीने बिनदिक्कत विचारावे. यात उद्धटपणा नाही, तिच्या पुढच्या सहा वर्षांचा सवाल आहे.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागते. त्यात तिला अभ्यासाला वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळे केले जाईल, असे लिहून द्यावे लागते. हे पत्र मिळवताना मेट्रनच्या टेबलावर फाइल महिनोन्महिने पडून राहते. अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या आणि तो वहीत लिहून ठेवा. सरकारी सेवेतल्या सिस्टरना अध्ययन रजेची तरतूद आहे, तीही विचारून पाहावी.

पहिल्या टप्प्यात कोर्सवर्क असते, किमान १२ श्रेयांकांचे. त्यात संशोधनाची पद्धत, आकडेशास्त्र आणि संशोधन-प्रकाशनातली नीती हे विषय येतात. कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के गुण मिळाले तरच पुढे जाता येते. वॉर्डात वीस वर्षे काम केलेल्या बाईला आकडेशास्त्राची भीती वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जी बाई रोज सलाइनचे थेंब, औषधाचे डोस आणि ताप-रक्तदाबाचे तक्ते मांडते, तिच्यासाठी ते परके नाही. शिकवणाऱ्याने वॉर्डातली उदाहरणे घेतली तर चार रविवारांत सूर लागतो.

विषय निवडताना आमचे एक म्हणणे आहे, थोडे तिखट आहे. नर्सिंग कॉलेजांच्या कपाटांत गेलात तर प्रबंधांच्या रांगाच्या रांगा एकाच साच्यातल्या दिसतात. साठ बायकांना अमुक विषयावर तासभर शिकवले, आधी आणि नंतर प्रश्नपत्रिका दिली, ज्ञान वाढले. वाढणारच! त्यातून वस्तीतल्या कोणाच्या घरात काय बदलले, हे मात्र कोणी बघत नाही. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे द्यायची तर प्रश्न आपल्या पाहण्यातला असावा आणि त्याचे उत्तर आधीपासून कोणाला माहीत नसावे.

विषय ठरला की आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि माणसांवरचा अभ्यास असल्याने संस्थेच्या नीतिशास्त्र समितीचीही परवानगी लागते. इथे वस्तीतल्या वाचकांनी स्वतःसाठीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. संशोधक तुमच्या दारी आली तर ती कोणत्या समितीची परवानगी घेऊन आली आहे, तुम्ही नाही म्हटलेत तर तुमचे उपचार थांबणार नाहीत ना, हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे. संमतीचा कागद तुम्हाला कळेल अशा मराठीत असला पाहिजे. रुग्णांवर नवा उपाय करून बघायचा असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी त्या अभ्यासाची देशाच्या चाचणी नोंदवहीत नोंद करावी लागते. मागाहून ती होत नाही. समितीची बैठक रोज भरत नाही, एखाद्या दुरुस्तीसाठीही पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागते. सहा वर्षांतले सहा-आठ महिने इथे जातात, हे आधीच धरून चाला.

आणि आता जिथे मुली खरोखर गळतात ती जागा. प्रत्येक संशोधकाला एक संशोधन सल्लागार समिती असते. दर सहामाहीला तिच्यासमोर उभे राहून काम किती झाले ते सांगावे लागते आणि लेखी अहवाल द्यावा लागतो. काम समाधानकारक नसेल तर समिती कारणे लिहून सुधारणा सुचवते. त्या सुधारणा झाल्याच नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करण्याचा तिला अधिकार आहे. काम थोडे झाले म्हणून तोंड दाखवायला लाजून गैरहजर राहणे ही यातली सर्वांत महाग गोष्ट. थोडे काम घेऊन गेलेल्या मुलीला समिती रस्ता सांगते. न गेलेल्या मुलीच्या फाइलवर मात्र ‘अनुपस्थित’ एवढाच शेरा पडतो आणि तिचे कारण कोणाला कळतही नाही.

मुदतीचा हिशेब असा आहे. कोर्सवर्क धरून पीएच.डी.ला किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सहा वर्षे, प्रवेशाच्या तारखेपासून. त्यानंतर विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावरही दोन वर्षांची सवलत देता येते. म्हणजे स्त्रीसाठी सगळे मिळून दहा वर्षे, त्यापुढे नाही. शिवाय या काळात प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ही दहा वर्षे ऐकून सैल पडू नका. पुनर्नोंदणी आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते आणि तो अर्ज मुदत संपण्याआधी पोहोचावा लागतो.

आमच्या ओळखीची एक सिस्टर आहे. महानगरपालिकेच्या रुग्णालयात नोकरी, घर चाळीत, सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगा दहावीला. अर्धवेळ नोंदणी केली होती. माहिती गोळा करून झाली होती, प्रबंधाची तीन प्रकरणे लिहून झाली होती. मध्येच गाइड नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात गेले आणि नवा गाइड नेमण्याच्या पत्रव्यवहारात दीड वर्ष गेले. या दीड वर्षात ती समितीपुढे गेली नव्हती, कारण गाइडच नव्हता तर अहवालावर सही कोणाची घ्यायची? सहावे वर्ष संपायला अकरा आठवडे उरले असताना ती आमच्याकडे आली, तीसुद्धा सासूसाठी पाठीची जखम धुवायचे सामान मागायला. बोलता बोलता विषय निघाला. घरात कोणालाही ती तारीख माहीत नव्हती. नवऱ्याला वाटत होते, पीएच.डी. म्हणजे सवडीने संपवायचे काम.

त्या आठवड्यात आम्ही तिच्याबरोबर बसून सगळा पत्रव्यवहार तारखेप्रमाणे लावला. गाइड बदलण्यासाठी तिने केलेले पाच अर्ज होते, पैकी तिनांवर आवक शिक्का होता. दोनांवर नव्हता, ते गेले वाया. पुनर्नोंदणीच्या अर्जाला ते तीन जोडले. कार्यालयातून आधी उत्तर आले की मागचे अहवाल नसल्याने अर्ज घेता येणार नाही. नियमाचा छापील कागद आणि ते तीन शिक्के घेऊन ती दोनदा गेली, तिसऱ्यांदा नवरा रजा काढून बरोबर गेला. अर्ज घेतला गेला. दोन वर्षे मिळाली. तिचा प्रबंध अजून सादर व्हायचा आहे. पहाटे चार ते सहा ती लिहिते, आणि सासूला कूस बदलून देण्याचे काम त्या दोन तासांत आता मुलगा करतो.

लग्न होऊन गाव बदलले तर? पुष्कळ घरांत इथेच विषय संपतो. पण नियमात तरतूद आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्त्री संशोधक दुसरीकडे गेली, तर तिचे संशोधन तिकडच्या विद्यापीठात हलवता येते. अट इतकीच की बाकीचे नियम पाळलेले असावेत आणि ते काम मूळ संस्थेला मिळालेल्या एखाद्या निधीच्या प्रकल्पातले नसावे. मूळ गाइड आणि संस्था यांचे श्रेय त्यांना द्यावे लागते. ‘बघण्याच्या’ कार्यक्रमात हुंड्याविरुद्ध ठणकावून बोलणारी आपली माणसे, मुलीची नोंदणी सासरी हलवून देणार का, हे मात्र विचारत नाहीत. ते विचारले पाहिजे.

पैशांचे थोडक्यात सांगतो. एम.एस्सी.पर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीवर. पीएच.डी.साठी पुण्याच्या बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. ती राज्यातल्या अनुसूचित जातीच्या संशोधकांना मिळते, पण पूर्णवेळ काम करणाऱ्यांना. म्हणजे नोकरी करणाऱ्या सिस्टरला ती मिळणार नाही आणि नोकरी सोडली तर घर चालणार नाही, हा पेच आहेच. शिवाय ही अधिछात्रवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले आहे, हेही विसरू नये. परदेशात शिकायचे तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यात नवबौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. अमेरिकेत नर्सिंगच्या दोन डॉक्टरेट असतात, एक आपल्यासारखी संशोधनाची आणि दुसरी रुग्णसेवेतल्या वरच्या दर्जाच्या कामाची. नाव सारखे वाटले तरी कोणत्या पदवीला आपल्याकडे काय मान्यता, हे जाण्याआधी लेखी विचारावे.

पीएच.डी. झाली की पगार दुप्पट होतो, असेही नाही. वॉर्डातल्या सिस्टरच्या पगारात तिने फार फरक पडत नाही. नर्सिंग कॉलेजच्या वरच्या पदांसाठी ती उपयोगी पडते, प्राचार्यपदाच्या निकषांत ती ‘असल्यास चांगले’ म्हणून लिहिलेली असते. हे आधी कळलेले बरे.

काम पूर्ण झाले की सादर करण्याआधी समितीपुढे आणि विभागातल्या सर्वांपुढे ते एकदा मांडायचे असते आणि त्यांच्या सूचना प्रबंधात घ्यायच्या असतात. मग नक्कल तपासणी. यंत्राने तपासल्यावर जुळणारा मजकूर १० टक्क्यांपर्यंत असेल तर चालते. १० ते ४० असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादरच करता येत नाही आणि ६० च्या वर असेल तर नोंदणी रद्द. बाजारात पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे बसलेले आहेत. त्यांच्या एका प्रबंधाच्या चार ठिकाणी चार प्रती गेलेल्या असतात. पूर्वी सादर करण्याआधी संशोधन लेख छापून यावा लागे. २०२२ च्या नियमांनी ती देशभरची सक्ती काढली, पण काही विद्यापीठांनी आपल्या निर्देशांत ती ठेवली आहे. पैसे भरून लेख छापणाऱ्या मासिकांच्या नादी लागण्याआधी आपल्या विद्यापीठाचा निर्देश वाचा.

प्रबंध गाइडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे जातो आणि त्यानेही नाकारला तरच तो फेटाळला जातो. सुधारणा सुचवून परत आला म्हणजे नापास झालो, असे समजून मुली रडत बसतात. बाबासाहेबांनी लंडनला १९२२ मध्ये दिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंधही परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यांना पुन्हा लिहावा लागला होता, १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला. कोलंबियात त्यांचे काम त्याच्याही आधी झालेले होते, पण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या ही अट होती. ते पुस्तक लंडनला १९२५ मध्ये निघाले आणि पीएच.डी.ची पदवी हाती आली १९२७ मध्ये, न्यूयॉर्कला पहिल्यांदा पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षांनी. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धे टाकून परतावे लागणे, पैशाअभावी छपाई लांबणे, हे सगळे त्यातून गेले आहे.

प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत तपासणी आणि तोंडी परीक्षा पूर्ण करावी, असे नियम विद्यापीठालाही सांगतो. तेव्हा सहा महिने उलटले तर पत्र लिहून विचारावे. तोंडी परीक्षा बंद दाराआड होत नाही, विभागातले शिक्षक आणि इतर संशोधक तिथे बसू शकतात. ज्या मुलीची पुढच्या वर्षी आहे तिने या वर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी परीक्षेला जाऊन मागच्या बाकावर बसावे. निकालानंतर पदवीदान समारंभाची वाट न पाहता तात्पुरते प्रमाणपत्र मागावे. ते आयोगाच्या नियमांप्रमाणे पदवी दिल्याचे सांगणारे असते आणि नोकरीच्या अर्जाला चालते. प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या संग्रहात जाते आणि कोणालाही वाचता येते.

ज्या घरात मुलीची नोंदणी झालेली आहे, त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर तिचे प्रवेशपत्र काढावे. त्यावरची तारीख, तिच्यापासून सहा वर्षांची तारीख आणि पुढच्या सहामाही अहवालाची तारीख, अशा तीन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहाव्यात. नोंदणी व्हायची असेल तर आजोबांचा शाळेचा दाखला कुठल्या ट्रंकेत आहे, ते आधी शोधावे. पुनर्नोंदणीचा किंवा गाइड बदलाचा अर्ज लिहायला मदत हवी असेल तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वंदनेनंतर, आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत असतो. येताना आवक शिक्का असलेल्या प्रती सोबत आणाव्यात.